रानातले लॉज : मालक, वाटाड्या आणि पाणी

'लॉज' हा शब्द आपल्या कानांना परका नाही. एस. टी. स्टँडसमोरच्या इमारतीचा अरुंद जिना चढून गेले की वर 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी असते, एक खाट, एक तांब्या आणि भिंतीवर गेल्या वर्षीचे कॅलेंडर. परंतु आज ज्या लॉजविषयी आम्ही बोलणार आहोत ते अगदी निराळे आहे. तिथे पोहोचायला रस्ता नसतो. शेजार म्हणावा तर तीस-चाळीस मैलांवर दुसरे तसलेच लॉज. आणि तिथे येणारा पाहुणा कामासाठी न येता गळ टाकून मासे धरण्यासाठी, किंवा थंडीच्या तोंडावर रानातले जनावर मारण्यासाठी पदरचे पैसे खर्चून येतो.

गिरणी, गोदी आणि छापखाने यांत उभा जन्म घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. आम्ही त्या प्रांती गेलेलो नाही. जे सांगतो आहोत ते ग्रंथालयाच्या आधाराने. पण कामगार चळवळीत एक सवय अंगी लागते. कुठे 'विश्रांती', 'मौज', 'सुट्टी' असे शब्द दिसले की त्या मौजेपाठी भांडी कोण घासतो, हे पाहावेसे वाटते. ते पाहू गेल्यावर या लॉजांची हकीकत इतकी बोधप्रद निघाली, की ती श्रोत्यांपुढे ठेवल्याशिवाय राहवेना.

आधी मुलूख डोळ्यांपुढे आणू. कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात लहानमोठी सरोवरे अडीच लाखांहून अधिक आहेत. प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात, 'लेक ऑफ द वुड्स' या विस्तीर्ण सरोवराच्या काठी, केनोरा नावाचे गाव आहे. तिथून रेल्वे जाते, मोठा रस्ता जातो. पण गावाच्या उत्तरेला गेलात की खडक, सूचिपर्णी झाडांचे रान आणि पाणी यांखेरीज फारसे काही नाही. एका सरोवरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून नदीत, नदीतून तिसऱ्यात अशी पाण्याची साखळी शेकडो मैल चालते. त्या पाण्यात वॉलआय नावाचा चवदार मासा, दांडग्या जबड्याचा पाइक, आणि खोल गार पाण्यात लेक ट्राउट मिळतो. काठच्या रानात काळी अस्वले आणि मूस असतात. मूस म्हणजे आपल्या सांबराच्या जातीतलेच, पण घोड्याहून उंच असे जनावर.

अशा ठिकाणी माणूस पोहोचतो कसा? पुष्कळ लॉजांना अजूनही पाण्यावर उतरणाऱ्या विमानाशिवाय वाट नाही. चाकांच्या जागी दोन लांबट तराफे बसविलेली ही विमाने असतात. १९३५ मध्ये नॉर्समन हे विमान प्रथम उडाले आणि १९४७ मध्ये टोरांटोजवळ बांधलेले बीव्हर. बीव्हरविषयी एक गोष्ट आम्हांस फार आवडली. कंपनीने ते आखताना रानात विमाने चालविणाऱ्या वैमानिकांनाच विचारले, की तुम्हांला काय हवे? मोठी दारे, आखूड जागेत उड्डाण, इंधनाचे पिंप आत लोटता येईल अशी रचना, असे जे काम करणाऱ्यांनी सांगितले ते कागदावर उतरले. उत्पादन १९६७ मध्ये थांबले, तरी त्यातली शेकडो विमाने आजही उडताहेत. हत्यार धरणाऱ्याला विचारून हत्यार केले तर ते किती टिकते, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको.

आता या धंद्याचे वर्ष कसे जाते ते पाहू. आपल्याकडे शेतकऱ्याचे वर्ष पावसावर बेतलेले असते, तसे तिथल्या लॉजवाल्याचे वर्ष बर्फावर बेतलेले असते. नोव्हेंबरच्या सुमारास सरोवरे गोठतात आणि बहुधा मे महिन्याच्या पूर्वार्धात बर्फ फुटते. बर्फ धरू लागताना आणि फुटू लागताना काही आठवडे असे जातात, की विमानाला ना तराफ्यांवर उतरता येते, ना बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांवर. त्या दिवसांत जो आत तो आत, जो बाहेर तो बाहेर.

मग हिवाळ्यात काम नसते काय? उलट, जड काम हिवाळ्यातच उरकायचे असते. उन्हाळ्यात जे ओझे विमानाने आणायला डोळे पांढरे होतात, ते इमारती लाकूड, इंधनाची पिंपे, चुली, गोठलेल्या सरोवरावरून ओढून आणता येते. वीज आणि शीतपेट्या नव्हत्या त्या काळी याच दिवसांत सरोवराचे बर्फ करवतीने कापून त्याच्या लाद्या लाकडाच्या भुशात पुरून ठेवीत. त्या लाद्यांवर पाहुण्यांचे मासे सबंध उन्हाळा टिकत. याच महिन्यांत मालक किंवा मालकीण अमेरिकेतल्या शहरांची वाट धरतात. तिथे भरणाऱ्या शिकारी-मासेमारीच्या प्रदर्शनांत टेबल मांडून बसायचे, छायाचित्रे दाखवायची, आणि येत्या हंगामाची आगाऊ नोंदणी मिळवायची. या भागातले बरेचसे गिऱ्हाईक मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय अशा सरहद्दीपलीकडच्या राज्यांतले असते.

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी त्या भागात वॉलआयचा हंगाम खुला होतो. बर्फ फुटून जेमतेम आठवडा झालेला असला, तरी तेवढ्यात बर्फाने मोडलेला धक्का दुरुस्त झाला पाहिजे, पाण्याचे नळ जोडले पाहिजेत, होड्यांची इंजिने चालू झाली पाहिजेत. जून, जुलै, ऑगस्ट हे मासेमारीचे महिने. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मूस, अस्वल आणि बदके यांचे शिकारी येतात. मग नळ रिकामे करायचे, होड्या उपड्या घालायच्या, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या. म्हणजे सुमारे वीस आठवड्यांत जे मिळेल त्यावर बावन्न आठवडे काढायचे.

त्या वीस आठवड्यांतला एक दिवस घ्या. पाहुणा उठण्यापूर्वी दोन तास स्वयंपाकघरात चूल पेटलेली असते. होड्यांतले पाणी उपसायचे, इंधन भरायचे, आमिषाची लहान मासळी मोजून डब्यात घालायची. पाहुणे पाण्यावर गेले, की खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, पाव भाजायचा, लाकूड फोडायचे, बिघडलेले इंजिन उघडायचे. अस्वले वासावर येतात म्हणून उष्टेखरकटे रोजच्या रोज पुरायचे किंवा जाळायचे. संध्याकाळी पाहुणे परतले की त्यांचे मासे साफ करून बर्फावर ठेवायचे, जेवण वाढायचे, आणि मग त्यांच्या सुटलेल्या माशांच्या गोष्टी हसतमुखाने ऐकायच्या. हे शेवटचे कामही कामच आहे, आणि दिवसभराच्या श्रमानंतर ते सर्वांत जड जात असावे.

हे सगळे करतो कोण? बहुतेक लॉजे कुटुंबाची असतात. नवरा होड्या, इंजिने आणि इमारती सांभाळतो. बायको स्वयंपाक, नोंदणी आणि हिशेब पाहते. मुले सामान वाहतात, धक्क्यावर दोर धरतात. अशा कुटुंबाच्या वहीत पेट्रोलचा भाव सापडेल, पिठाच्या पोत्याचा सापडेल, पण बायकोच्या सोळा तासांच्या दिवसाचा आकडा कुठल्याच रकान्यात सापडणार नाही. लॉज 'फायद्यात चालते' असे जेव्हा म्हणतात तेव्हा त्या फायद्यात पुष्कळदा हीच न दिलेली मजुरी असते. आपल्याकडच्या खानावळी, पिठाच्या गिरण्या, किराणा दुकाने यांच्या वह्या चाळल्या तर निराळे दिसणार नाही. मालकाला शिव्या घालणे आमच्यासारख्यांना सोपे असते; पण पहाटे चारला उठून स्वतः मोरी साफ करणारा हा मालक आमच्या नेहमीच्या साच्यात बसत नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु घरच्या माणसांनी सगळे भागत नाही. पाहुण्याला मासा कुठे आहे हे ठाऊक नसते, आणि लॉजच्या मालकालाही पुष्कळदा नसते. ते ठाऊक असते वाटाड्याला. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्यात, कुठल्या खडकाच्या आडोशाला वॉलआय येतो. पाण्याखाली कुठे शिळा आहे. आभाळ असे दिसले तर किती वेळात काठ गाठला पाहिजे, हे त्याला पिढ्यांच्या वहिवाटीने कळते. वायव्य ऑन्टॅरिओत हा वाटाड्या बहुधा अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे, लोकांपैकी असे. हे त्या भूमीचे मूळ रहिवासी. १८७३ मध्ये ब्रिटिश राणीच्या सरकारने त्यांच्याशी जो तिसरा करार केला, त्यात शिकार व मासेमारी चालू ठेवण्याचा त्यांचा हक्क लिहून दिलेला आहे. म्हणजे ज्या पाण्यावर त्याच्या आज्याला करारान्वये हक्क मिळाला, त्याच पाण्यावर नातू रोजंदारीवर दुसऱ्याची होडी चालवी. बायका खोल्या झाडण्याचे व धुण्याचे काम करीत. हंगाम संपला की रोजगार संपला.

वाटाड्याच्या कामातला एक रिवाज इथे नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढच्या हकीकतीचे मर्म त्यात आहे. दुपारी होडी एखाद्या बेटाला लावून, सकाळी धरलेले मासे तिथेच साफ करून, चरबीत तळून, बटाट्याबरोबर पाहुण्यांना खाऊ घालायचे. याला 'काठावरचे जेवण' म्हणतात आणि लॉजची कीर्ती बरीचशी त्यावर असते. पाहुणा हे जेवण आठवडाभर जेवतो. वाटाड्या हंगामभर रोज जेवतो, आणि घरी गेल्यावर त्याच्या चुलीवरही तोच मासा असतो.

धंदा असा मेहनतीवर उभा असला, तरी ज्या गोष्टींवर तो तगतो त्यांतली एकही मालकाच्या हातात नसते. बर्फाचे सांगितलेच. दुसरी गोष्ट कायदा. वॉलआय किती ठेवायचे हे सरकार ठरविते. साधारण परवान्यावर ४ आणि स्वस्त संवर्धन परवान्यावर २. परदेशी शिकाऱ्याला अस्वल मारायचे तर बहुधा परवानाधारक धंदेवाल्यामार्फतच जावे लागते. १९९९ मध्ये प्रांत सरकारने अस्वलांची वसंत ऋतूतली शिकार बंद केली. माद्या मारल्या गेल्याने पिले उघडी पडतात, हा त्यामागचा मुख्य आक्षेप होता आणि तो हलका नव्हता. पण मे-जूनच्या रिकाम्या खोल्या भरणारे गिऱ्हाईक त्याने एकदम गेले. २०१४ मध्ये ती शिकार प्रायोगिक म्हणून काही भागांत पुन्हा सुरू झाली आणि २०२१ मध्ये कायम झाली. तिसरी गोष्ट सरहद्द. करोनाच्या साथीत २१ मार्च २०२० पासून अमेरिकन पर्यटकांना कॅनडाची सरहद्द बंद झाली, ती लस घेतलेल्यांसाठी ९ ऑगस्ट २०२१ ला उघडली. ज्यांची भिस्त अमेरिकन पाहुण्यांवर होती, त्यांचा एक हंगाम पुरा आणि दुसरा बहुतेक बुडाला.

आणि चौथी गोष्ट पाणी. लॉजच्या खोल्या नव्या बांधता येतात, होड्या विकत मिळतात. पण ज्याच्यासाठी पाहुणा येतो ते पाणी मालकाने केलेले नसते, आणि ते वरच्या अंगाला कोणी नासविले तर त्याला थोपविताही येत नाही. ही गोष्ट वॅबिगून आणि इंग्लिश या नद्यांवर कशी घडली ते आता सांगतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर बार्नी लॅम आणि मॅरियन लॅम या दांपत्याने इंग्लिश नदीच्या मार्गातल्या बॉल सरोवरावर लॉज उभारले. बार्नी लॅम स्वतः वैमानिक, विमान कंपनी चालविणारा. बॉल लेक लॉज नावारूपाला आले. केनोराच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर ग्रासी नॅरोज ही अनिशिनाबे वस्ती आहे. तिथले कितीतरी पुरुष या लॉजवर वाटाडे होते आणि बायका खोल्यांच्या कामावर. १९६३ मध्ये सरकारी खात्याने ही वस्ती जुन्या जागेवरून उठवून रस्त्याजवळ नेली होती. घडी विस्कटलेल्या त्या समाजाला मासेमारी आणि लॉजवरचा रोजगार हाच मोठा आधार उरला होता.

नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन गावी कागदाची गिरणी होती. लगदा पांढरा करायला क्लोरीन लागतो. तो मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढतात, आणि त्या काळच्या पद्धतीत त्या कामाला पारा वापरीत. गिरणीच्या जोडीच्या रसायनाच्या कारखान्यातून १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा नदीत गेला. पारा तळाशी बसतो, म्हणून तो गेला असे समजू नये. गाळातले सूक्ष्म जंतू त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो पाण्यातल्या बारीक जीवांत शिरतो. त्यांना लहान मासे खातात, लहानांना मोठे. पायरीपायरीने तो साठत जातो, आणि सर्वांत वरच्या पायरीवर असतात वॉलआय आणि पाइक, म्हणजे नेमके पाहुण्याच्या गळाला हवे असलेले मासे. असा मासा दिसायला ताजा, चवीला गोड. वास नाही, डाग नाही. शिजवून वा तळून पारा जात नाही. माणसाच्या अंगात तो मज्जातंतूंवर घाला घालतो : बोटे बधिर होतात, हात कापतात, दृष्टी आकसते, बोलणे अडखळते. जपानातल्या मिनामाता गावी १९५६ मध्ये हा रोग प्रथम नोंदला गेला होता.

१९७० मध्ये ऑन्टॅरिओत हे उघडकीस आले. विक्रीसाठी मासे धरणे त्या नद्यांवर बंद झाले. ग्रासी नॅरोजच्या कोळ्यांचा धंदा एका फटक्यात गेला. लॅम दांपत्याने लॉज बंद केले आणि कारखानदारांवर दावा लावला. मॅरियन लॅम यांनी या प्रकरणाचे कागद वर्षानुवर्षे जमविले. तो संग्रह आज हार्वर्ड विद्यापीठात आहे. मालकपणाच्या गादीवर बसून गप्प राहणे त्यांना शक्य होते. ते राहिले नाहीत, हे आम्ही मोकळ्या मनाने नोंदवितो. सगळ्यांनीच तसे केले नाही. काही लॉजे चालू राहिली. सरकारने 'गंमत म्हणून मासे धरा', म्हणजे धरा पण खाऊ नका, अशा अर्थाच्या पाट्या लावल्या. पाहुण्याच्या दृष्टीने ते ठीकच होते. त्याची गंमत शाबूत राहिली. मासा परत पाण्यात सोडून तो आपल्या गावी गेला. पण ज्याच्या घरी मासा हीच भाकरी होती, त्याने काय करावे याचे उत्तर त्या पाटीवर नव्हते. एक तर विष खावे, नाहीतर दुकानातले महाग अन्न घ्यावे, आणि तेही नेमका रोजगार बुडालेला असताना.

१९७५ मध्ये मिनामाताचे अभ्यासक डॉ. मासाझुमी हाराडा तिथे आले. त्यांनी लोकांना तपासले आणि मिनामाता रोगाशी जुळणारी लक्षणे आढळल्याचे सांगितले. तरी तडजोड व्हायला १९८५ साल उजाडले. केंद्र सरकार, प्रांत सरकार आणि कंपन्या यांनी मिळून ग्रासी नॅरोज व शेजारची वस्ती यांना सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर दिले, आणि १९८६ मध्ये भरपाईचे अर्ज तपासण्यासाठी एक मंडळ नेमले गेले. म्हणजे ज्याचा हात कापतो त्यानेच, तो पाऱ्यामुळे कापतो हे पटवून द्यायचे. नदी साफ करण्यासाठी ८ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे वचन प्रांत सरकारने दिले ते २०१७ मध्ये, आणि पाराबाधितांच्या शुश्रूषागृहाचा केंद्र सरकारशी करार झाला २०२० मध्ये. पारा सोडणे बंद झाल्याला तोवर पन्नास वर्षे झाली होती, आणि गाळातला पारा गाळातच होता.

आता नुकसानीची वाटणी पाहा. पाहुण्याचा एक सुट्टीचा बेत मोडला. त्याने दुसरे सरोवर निवडले. मालकाची उभ्या आयुष्याची कमाई गेली, हे दुःख लहान नव्हे. पण त्याच्या हाती दुसरा धंदा होता आणि कोर्टात जाण्याची ऐपत होती. वाटाड्याचे एकाच वेळी काम गेले, अन्न गेले आणि शरीर गेले. शिवाय ज्या ज्ञानावर तो जगत होता, मासा कुठे असतो ते ज्ञान, तेच कुचकामी झाले. धंद्याच्या वहीत ज्याचे नाव सर्वांत खाली, त्याच्या वाट्याला नुकसान सर्वांत वर. गिरण्यांतही आम्ही हेच पाहिले आहे, की कापसाची धूळ भाग काढताना समभाग धरणाऱ्याच्या छातीत जात नाही.

कोणी म्हणेल, त्या वाटाड्यांनी संघटना का केली नाही? वीस आठवड्यांचा हंगाम, एकेका लॉजवर पाच-पंचवीस माणसे, दोन लॉजांमध्ये मैलोगणती पाणी, आणि मालक शेजारच्याच खोलीत झोपणारा. अशा ठिकाणी आपल्या पद्धतीची युनियन उभी राहणे कठीण, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. पण संघटना फक्त पगारापुरती नसते. ग्रासी नॅरोजच्या लोकांनी गाव म्हणून, जमात म्हणून हा लढा धरून ठेवला आहे. डिसेंबर २००२ मध्ये तिथल्या तरुणांनी लाकूडतोडीच्या रस्त्यावर ठाण मांडले, कारण रान गेले की पाणीही जाते हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. २०१७ चे वचन काही सरकारला आपोआप सुचलेले नाही.

तात्पर्य असे. असले लॉज म्हणजे लाकडी खोल्या आणि होड्या नव्हेत. मालकाच्या घरची न मोजलेली मेहनत, वाटाड्याचे पिढीजात ज्ञान आणि सर्वांच्या मालकीचे स्वच्छ पाणी या तिहींच्या आधारावर ते चालते, आणि या तिहींचीही किंमत पाहुण्याच्या बिलात पुरती लागत नाही. पाहुणा, मालक आणि वाटाड्या एकाच होडीत बसतात हे खरे. पण होडीला भोक पडले तर तिघांना पोहता सारखे येत नाही. म्हणून धोक्याची बातमी कळली की ती प्रथम त्याला सांगितली पाहिजे, जो ते पाणी रोज पितो आणि तो मासा रोज खातो. आणि भरपाईचा हिशेब मांडतानाही सुरुवात त्याच्यापासूनच केली पाहिजे. कॅनडाच्या त्या नदीवर हा क्रम नेमका उलटा लागला, आणि तो सुलटा करायला दोन पिढ्या खर्ची पडल्या आहेत.